टीव्हीवरची सीआयडी आणि खरी सीआयडी: शिरूर-दौंडमध्ये खून झाला तर तपास नेमकं कोण करतं?

नदीच्या पुलाखाली मृतदेह दिसला की बातमी पोलीस ठाण्याच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचते. अर्ध्या तासात पुलावर गर्दी. कुणी कठड्यावरून वाकून व्हिडिओ काढतंय, कुणी लाइव्ह आहे. पोलिसांची गाडी आली की मागून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘हे यांचं काम नाही, सीआयडीच बोलवायला पाहिजे.’

हे वाक्य आपल्या तोंडात बसवलं ते एका मालिकेनं. एसीपी प्रद्युम्न हवेत हात फिरवत ‘काहीतरी गडबड आहे’ म्हणणार, दया दार तोडणार, डॉक्टर साळुंखे परीक्षानळी हलवून विषाचं नाव सांगणार आणि तासाभरात खुनी हजर. पण खरी सीआयडी कुठे असते? ती शिरूरला येते का? आणि ती येत नसेल तर तपास कोण करतं? एकेक करून समजून घेऊया.

आधी मालिकेची गोष्ट

‘सीआयडी’ मालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. या वीस वर्षांत तिचे दीड हजाराहून जास्त भाग झाले. सहा वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली.

मालिकेचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग. त्यांची कारकीर्द दूरदर्शनमध्ये कॅमेरामन म्हणून सुरू झाली. हिंदीत ‘सीआयडी’ येण्याच्या आधीच मराठी प्रेक्षकांनी त्यांचं काम पाहिलं होतं. मुंबई दूरदर्शनवर गाजलेली ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस तपासावरची मराठी मालिका त्यांचीच. नाव पोलिसांच्या तेव्हाच्या मदत क्रमांकावरून, म्हणजे १०० वरून घेतलेलं. त्या मालिकेत पोलीस अधिकारी झालेले शिवाजी साटम पुढे ‘सीआयडी’चे एसीपी प्रद्युम्न झाले. त्यामुळे मुंबईच्या हिंदी मालिकेचं एक मूळ मराठी दूरदर्शनमध्ये आहे.

मराठी माणसं पुढेही तिच्यात होतीच. फ्रेडरिक्सच्या भूमिकेत घराघरात पोहोचलेले दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी घरचं माणूस गेल्यासारखे स्टेटस ठेवले होते.

या मालिकेच्या नावावर एक विक्रमही आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये तिचा १११ मिनिटांचा एक खास भाग प्रसारित झाला. तो एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये एकदाही कॅमेरा न थांबवता चित्रित केला होता. चित्रीकरण झालं लोणावळ्यात, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात.

खरी सीआयडी मुंबईत नाही, पुण्यात आहे

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं, म्हणजे खऱ्या सीआयडीचं मुख्यालय मुंबईत नाही. ते पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे. शिरूरहून नगर रस्त्याने पुण्यात येणाऱ्या किंवा दौंडहून लोकलसारख्या गाड्यांनी रोज पुणे गाठणाऱ्या माणसाला ते मालिकेतल्या मुंबईपेक्षा कितीतरी जवळ.

मग मालिकेतली सीआयडी मुंबईची कशी? मुंबई पोलिसांची स्वतःची गुन्हे शाखा आहे आणि तिच्या कागदपत्रांत ‘डीसीबी, सीआयडी’ असा उल्लेख जुन्या काळापासून चालत आलाय. तिचा आणि पुण्याच्या राज्य सीआयडीचा कारभार वेगळा. मालिकेनं या दोन्हींचं मिश्रण करून एक तिसरीच सीआयडी तयार केली. तिच्या टीमला हद्द नाही, रात्रपाळी नाही, बंदोबस्त नाही आणि एका वेळी एकच गुन्हा.

राज्य सीआयडी प्रत्येक खुनाचा तपास करत नाही. राज्य सरकार, पोलीस महासंचालक किंवा न्यायालय जे प्रकरण सोपवतं, ते तिच्याकडे जातं. स्थानिक पोलिसांवरच आरोप असतील, कोठडीत मृत्यू झाला असेल किंवा प्रकरणाला राजकीय वजन असेल, तेव्हा ही वेळ येते. अलीकडचं ठळक उदाहरण बीड जिल्ह्यातलं. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला आणि तपास सीआयडीकडे देण्यात आला. त्याच प्रकरणाशी जोडलेल्या खंडणीच्या गुन्ह्यातला एक आरोपी ३१ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातल्या सीआयडी कार्यालयात येऊन शरण आला. त्या दिवशी टीव्हीवर ती इमारत पाहिली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे.

शिरूर-दौंडमध्ये ‘एसीपी’ का नसतो?

एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. हे पद जिथे पोलीस आयुक्तालय असतं तिथेच असतं. मुंबई, पुणे शहर, पिंपरी-चिंचवड इथे आयुक्तालयं आहेत. शिरूर आणि दौंड हे तालुके येतात पुणे ग्रामीण पोलिसांकडे आणि तिथले प्रमुख असतात पोलीस अधीक्षक, म्हणजे आपण ज्यांना एसपी म्हणतो ते. एसीपीच्या तोडीचा अधिकारी इथे उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणून ओळखला जातो. लोक त्यांना ‘डीवायएसपी साहेब’ म्हणतात.

त्यांच्या हाताखाली पोलीस ठाणी. शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव एमआयडीसी आणि दौंड तालुक्यात दौंड, यवत ही नावं बातम्यांत नेहमी दिसतात. खुनाचा तपास सहसा ठाण्याचा पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या हाताखालचा अधिकारी करतो. तोच अधिकारी त्याच आठवड्यात यात्रेचा बंदोबस्त, उसाच्या ट्रॉलीचा अपघात आणि बांधावरून झालेली मारामारीही बघत असतो.

‘मग क्राइम ब्रँच?’ ती आहे. ग्रामीण भागात तिचं नाव स्थानिक गुन्हे शाखा, बोलीभाषेत एलसीबी. ती थेट एसपींच्या हाताखाली काम करते. मोठा गुन्हा घडला की ठाण्याचं पथक आणि एलसीबी एकाच वेळी कामाला लागतात. बातमीत ‘समांतर तपास’ असा शब्द येतो, तो हाच.

दौंडबद्दल आणखी एक गोंधळ असतो. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट ५ आणि ७ आहेत, म्हणून ‘गावात एवढे पोलीस, तरी तपास का नाही?’ असं विचारलं जातं. पण एसआरपीएफचं काम दंगल, निवडणूक, मोठा बंदोबस्त अशा वेळी कायदा-सुव्यवस्था सांभाळण्याचं. गुन्ह्याचा तपास त्यांच्याकडे नसतो.

पहिला प्रश्न: हद्द कुणाची?

टीव्हीवर हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे तो सगळ्यात आधी येतो आणि त्याला कारण आहे भूगोल.

शिरूर शहर घोड नदीच्या काठावर. जुनी माणसं गावाला अजूनही घोडनदीच म्हणतात. पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे एसपी वेगळे. भीमा नदी शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून वाहते. चौफुल्याहून न्हावऱ्याकडे जाताना पारगावजवळ पूल ओलांडला की तालुका बदलतो आणि ठाणंही बदलतं. दौंड तर रेल्वेचं मोठं जंक्शन. रेल्वेच्या हद्दीत काही घडलं तर ते लोहमार्ग पोलिसांकडे जातं, आणि त्यांची यंत्रणा जिल्हा पोलिसांपेक्षा वेगळी.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘ही आमची हद्द नाही’ असं सांगून गंभीर गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

मृतदेह सापडला म्हणजे लगेच खुनाचा गुन्हा का नोंदवत नाहीत?

कारण मृतदेहावरून लगेच कळत नाही की तो अपघात आहे, आत्महत्या आहे की खून. म्हणून संशयास्पद मृत्यूची आधी ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते. ही तरतूद नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम १७४ मध्ये होती. या नोंदीचा अर्थ पोलिसांनी प्रकरण दाबलं असा नसतो. इथून चौकशी सुरू होते.

याचं सगळ्यात हादरवणारं उदाहरण दौंड तालुक्यातलंच. जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या पंधरवड्यात पारगावच्या हद्दीत भीमा नदीच्या पात्रात एकाच कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह काही दिवसांच्या अंतराने सापडले. त्यात लहान मुलंही होती. सुरुवातीला सगळीकडे सामूहिक आत्महत्या म्हणून बोललं गेलं. कारणांच्या वेगवेगळ्या कहाण्या फॉरवर्ड झाल्या. पण पुढच्या तपासात पुणे ग्रामीण पोलिसांनी हा खून असल्याचं सांगितलं, गुन्हा दाखल केला आणि त्या कुटुंबाच्या जवळच्या नातेवाइकांना अटक केली. आरोप सिद्ध होणं हा न्यायालयाचा विषय. पण पहिल्या दिवशी ज्यांनी ‘आत्महत्या’ असं ठामपणे लिहून पुढे पाठवलं, त्यांनी मेलेल्या माणसांवर एक खोटी गोष्ट चिकटवली होती. ती दुरुस्त करायला त्यांच्यातले किती जण परत आले?

पंचनामा, पीएम आणि ‘डॉक्टर साळुंखे’

घटनास्थळी पोलीस आल्यावर दोन प्रकारचे पंचनामे होतात. एक जागेचा, दुसरा मृतदेहाचा. दोन्हीसाठी पंच लागतात, आणि ते गावातलेच असतात. ‘कोर्टात कोण फेऱ्या मारणार’ म्हणून लोक मागे सरतात. पण पंच नीट नसतील, तर वर्षांनंतर कोर्टात तोच खटल्याचा सगळ्यात कमजोर धागा ठरतो.

गावपातळीवर पोलीस पाटील हा पहिला दुवा. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ नुसार गावातल्या गुन्ह्याची आणि संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे त्यांचं काम आहे.

मग शवविच्छेदन, ज्याला आपण पीएम म्हणतो. ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतं. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर मृतदेह पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवला जातो. मालिकेत डॉक्टर साळुंखे शव तपासतात, विष ओळखतात, केस जुळवतात आणि गोळी कुठल्या पिस्तुलातली हेही सांगतात. प्रत्यक्षात ही तीन-चार वेगवेगळ्या तज्ज्ञांची कामं आहेत. पीएम करणारा डॉक्टर जखमा आणि मृत्यूचं कारण सांगतो. विषाची शंका असेल तर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं अहवालात लिहिलेलं असतं. म्हणजे अवयवांचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गेले. या प्रयोगशाळांचं मुख्य केंद्र मुंबईत कलिना इथे आहे, आणि पुण्यातही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. नमुन्यांची रांग मोठी असते, त्यामुळे अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात.

मृत्यूची वेळही ‘रात्री ११ वाजून २० मिनिटं’ अशी कळत नाही. डॉक्टर अंदाजे काही तासांची मर्यादा सांगतात. मृतदेह पाण्यात राहिला असेल तर तो अंदाज आणखी सैल होतो.

एक मोठा बदल मात्र झालाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता बंधनकारक आहे.

आणि हो, ‘३०२ लागली’ हा आपला जुना शब्दप्रयोगही बदलावा लागणार. नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आहे.

दयाचं दार आणि दयाची थप्पड

दार तोडायचा अधिकार पोलिसांना खरोखर आहे. अटक करायची व्यक्ती आत असल्याची खात्री असेल, तर आधी आपली ओळख आणि कारण सांगून दार उघडायला सांगायचं. तरीही उघडलं नाही तर तोडता येतं. आत पडदा पाळणारी स्त्री असेल आणि अटक तिची नसेल, तर तिला बाहेर निघायची संधी द्यावी लागते. मालिकेत हा मधला भाग कापलेला असतो.

थप्पड मारायचा अधिकार मात्र कुणालाच नाही. आणि तिचा उपयोगही नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणजे प्रद्युम्न साहेबांसमोर शेवटच्या पाच मिनिटांत रडत दिलेला जबाब कोर्टात शून्य. हां, आरोपीनं सांगितलं की कोयता अमुक विहिरीत टाकला आणि पंचांसमक्ष तो तिथेच सापडला, तर तेवढी माहिती पुराव्यात धरता येते. म्हणून खरा तपास अधिकारी कबुलीपेक्षा त्या कोयत्यामागे लागतो.

अटक झाल्यावर २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. पोलीस कोठडी एकूण जास्तीत जास्त १५ दिवसांची. खुनासारख्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. त्यानंतर खटला सत्र न्यायालयात चालतो. मालिका जिथे संपते, तिथून पीडित कुटुंबाची खरी वाट सुरू होते आणि ती अनेक वर्षांची असू शकते.

मग खून उलगडतो कसा?

बहुतेक वेळा कंटाळवाण्या कामातून. हायवेवरच्या ढाब्याचं, पेट्रोल पंपाचं, टोल नाक्याचं सीसीटीव्ही तासन्‌तास बघायचं. मोबाईलचे कॉल तपशील काढायचे आणि कोणता फोन कधी कोणत्या टॉवरखाली होता ते जुळवायचं. रांजणगाव, कुरकुंभसारख्या एमआयडीसी परिसरात राज्याबाहेरून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. तिथे मृताची ओळख पटवणं हेच पहिलं मोठं काम असतं. त्यासाठी बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी चाळाव्या लागतात, कपड्यांचे शिक्के, गोंदण, चपलेचा ब्रँडसुद्धा तपासावा लागतो. आणि शेवटी खबरी. चहाच्या टपरीवर ऐकलेलं एक वाक्य कधी कधी प्रयोगशाळेच्या आधी पोहोचतं.

तुम्ही तिथे असाल तर काय करायचं?

• ११२ वर फोन करा. जागा नीट सांगा: गाव, वस्ती, पूल, किलोमीटरचा दगड.

• मृतदेह, कपडे, हत्यार, मोबाईल, दारूची बाटली, कशालाही हात लावू नका. माणूस जिवंत असण्याची शक्यता असेल तर मात्र आधी मदत, बाकी सगळं नंतर.

• जवळ जाऊ नका, दुसऱ्यांनाही जाऊ देऊ नका. पन्नास चपलांच्या ठशांत खुन्याच्या चपलेचा ठसा शोधता येत नाही.

• काही पाहिलं असेल, किंवा तुमच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काही आलं असेल, तर ते ग्रुपवर न टाकता पोलिसांना द्या. अनेक कॅमेऱ्यांत काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, त्यामुळे उशीर करू नका.

• लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. फॉरवर्ड करणाऱ्यालाही ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही.

• तुम्ही तक्रारदार किंवा पीडित कुटुंबातले असाल, तर तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पोलिसांनी तुम्हाला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. स्थानिक तपासावर विश्वास नसेल तर एसपींकडे लेखी अर्ज करा. त्यानंतर न्यायदंडाधिकारी आणि उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. ‘सीआयडी चौकशी करा’ ही मागणी याच रस्त्यानं पुढे जाते.

थोडक्यात सांगायचं तर शिरूर-दौंडच्या एखाद्या खुनात सीआयडी येईलच असं नाही. ठाण्याचे साहेब येतील, एलसीबी येईल, ससूनचे डॉक्टर असतील, आणि पंच म्हणून सही करायला तुमच्याच गल्लीतली माणसं लागतील. मालिका आवडीनं बघा. पण पुलावर गर्दी दिसली, तर फोन खिशात ठेवून दोन पावलं मागे व्हा. तपासाला तेवढी मदत आपण सगळेच करू शकतो.